जोगेश्वरीची लेणी, जोगेश्वरीची दुकाने

चर्चगेटहून धीमी लोकल पकडली की अंधेरीनंतरचे स्टेशन जोगेश्वरी. बहुतेक जलद गाड्या इथे थांबत नाहीत, म्हणून मुंबईत जन्म काढलेल्या कित्येकांनीही जोगेश्वरी पाहिलेली असते ती धावत्या डब्याच्या दारातूनच. रुळांना लागून पत्र्याची छपरे, दोरीवर वाळणारे कपडे, मागे उभे राहिलेले टॉवर, एवढीच काय ती ओळख. परंतु इथे उतरून एक दिवस पायी फिरले, तर हे उपनगर पुष्कळ काही सांगते.

पूर्वेला उतरले की अरुंद रस्ता, भाजीवाले, मासळीवाल्या, मोबाईल दुरुस्तीची दुकाने आणि रिक्षांची रांग. पुढे मेघवाडी, श्यामनगर, बांद्रेकरवाडी, मजास. टेकडीवर १९३० साली सुरू झालेले इस्माईल युसुफ कॉलेज. त्यापलीकडे पश्चिम द्रुतगती महामार्ग, त्याच्या कडेला महापालिकेचे ट्रॉमा रुग्णालय आणि डोक्यावरून जानेवारी २०२३ पासून धावणारी मेट्रो. पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्ग, बेहरामबाग, ओशिवरा. कोकणातून, घाटावरून, मराठवाडा-विदर्भातून, गुजरात आणि उत्तर प्रदेशातून पोट भरायला आलेली माणसे इथे भिंतीला भिंत लावून राहतात. कुणी आरे दुग्धवसाहतीत राबले, कुणी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, कुणी १९७३ साली सुरू झालेल्या सीप्झमध्ये. आपले समाजबांधवही याच वाटेने आले. म्हणून चाळींच्या कोपऱ्यावर बुद्धविहार दिसतो, पंचशील ध्वज दिसतो आणि चौदा एप्रिलला रस्ता निळ्या झेंड्यांनी भरून जातो.

या वस्तीने वाईट दिवसही पाहिले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत जोगेश्वरी होरपळून निघाली. त्या आठवणी जुन्या माणसांच्या मनातून अजून गेलेल्या नाहीत. खोली भाड्याने घ्यायला गेलेल्याला आजही "भाडे किती देणार?" याच्या आधी "तुम्ही कोण?" हे विचारले जाते. या लेखात मला त्याच प्रश्नाबद्दल लिहायचे आहे. पण आधी लेणी पाहून घेऊ.

दोन लेणी

जोगेश्वरीचे लेणे जमिनीच्या पोटात आहे. रस्त्यावरून ते दिसतच नाही. घरांच्या गर्दीतून पायऱ्या उतरून खाली जावे लागते. आत वीस खांबांचा मोठा चौरस मंडप, मधे गाभारा, पावसाळ्यात भिंतींतून झिरपणारे पाणी. अभ्यासक हे सहाव्या शतकातले शैव लेणे मानतात. लेण्याच्या डोक्यावर आणि भोवती वस्ती उभी आहे. माणसाला राहायला जागा मिळाली नाही की तो डोंगराच्या डोक्यावरही घर बांधतो, हे इथे डोळ्यांनी दिसते.

आपल्या वाचकांनी त्याच दिवशी अंधेरी पूर्वेचे कोंडिविटे लेणेही पाहावे. त्याला महाकाली लेणी म्हणतात, पण लेणी बौद्धांची आहेत. सीप्झपासून ती जवळ आहेत. डोंगराच्या दोन अंगांना मिळून सुमारे एकोणीस लेणी. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरुवात झाली आणि सहाव्या शतकापर्यंत खोदकाम होत राहिले. तिथल्या चैत्यगृहात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. आत गोल झोपडीसारखी खोली कोरली आहे, तिला दगडातच कोरलेल्या जाळीच्या खिडक्या आहेत आणि खोलीच्या आत स्तूप आहे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी अनेकांनी पाहिली असतील. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. कल्याणचा सोनार आहे, लोहार आहे, सोपाऱ्याचे आणि चौलचे व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत. कुणी खोली कोरून दिली, कुणी पाण्याचे टाके खोदून दिले. डोंगर चढून आलेल्याला पाणी आणि निवारा मिळावा, ही त्यामागची भावना. पुढे याच देशात पाणी, निवारा आणि वाट या तीन गोष्टींसाठी आपल्या बापजाद्यांना किती अपमान गिळावे लागले, ते आपण विसरलेलो नाही.

दोघी

आमच्या वस्तीत दोघीजणी एकत्र राहतात. थोरली विदर्भातल्या बौद्ध घरातली, सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात कामाला. धाकटी कोकणातली, एका दवाखान्यात परिचारिका. अकरा वर्षे झाली, दोघींचा संसार एक आहे. एकीचा पगार घरभाड्याला, दुसरीचा किराणा आणि गावी पाठवायला. आजारपणात एकमेकींची शुश्रूषा, सणाला एकमेकींना साडी किंवा शर्ट. नवरा-बायकोच्या प्रेमात आणि त्यांच्या प्रेमात मला तरी फरक दिसत नाही. वर्तमानपत्रे अशांना समलिंगी जोडपे म्हणतात. वस्तीत त्यांना सगळे नुसते 'दोघी' म्हणतात. त्यांची नावे आणि गल्ली मी इथे लिहीत नाही. ते कुणाला सांगायचे आणि कुणाला नाही, हे त्यांनी ठरवायचे आहे.

दोघी रविवारी विहारात वंदनेला येतात. त्या मला मावशी म्हणतात. काही काम निघाले की, "मावशी, तुम्ही चला ना बरोबर," असा निरोप येतो. पांढऱ्या केसांची बाई बरोबर असली की खिडकीमागचा माणूस जरा नीट बोलतो, हा त्यांचा अनुभव आहे. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मी जोगेश्वरी आणि आसपासच्या पुष्कळ दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या त्यांच्याबरोबर चढले.

केस आणि खोली

पहिले दुकान केस कापणाऱ्याचे. थोरली केस बारीक ठेवते, शर्ट-पँट घालते. पुरुषांच्या सलूनमध्ये गेली तर "बायकांची कटिंग करत नाही" म्हणतात. तेवढ्यावर थांबले असते तर एक वेळ चालले असते. पण एकाने भर दुकानात, गिऱ्हाईकांच्या देखत, "आधी तू कोण ते ठरव," असे म्हटले आणि सारे हसले. बायकांच्या पार्लरमध्ये गेली, तर तिथल्या बाईने "आमच्याकडे घरंदाज बायका येतात" असे सांगून दार दाखवले. शेवटी धाकटीने कात्री आणि मशीन विकत आणले. आता ती घरीच थोरलीचे केस कापते.

हे ऐकताना आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गाव उभे राहील. न्हावी म्हशी भादरायचा, पण महाराच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. म्हणून आपल्यातलाच कुणी तरी वस्तरा हाती घ्यायचा आणि झाडाखाली सगळ्यांची हजामत करायचा. काळ बदलला, कारण बदलले. पण दुकानातून परत पाठवलेल्या माणसाला घरी जाताना जे वाटते, ते बदललेले नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलालाची दलाली, हे मुंबईत भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीशी आहे. दोघी सुरुवातीला "आम्ही मैत्रिणी आहोत" असे सांगून राहिल्या. दोन वर्षांनी घरमालकाच्या कानावर कुणी तरी काही घातले. त्याने आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगितली. भाडे एकदाही थकले नव्हते. पुढच्या ठिकाणी दलालाने स्वतःच सल्ला दिला, "मावसबहिणी आहोत म्हणून सांगा, काम होईल." त्यांनी तसे सांगितले आणि काम झाले. शिवाय डिपॉझिट दहा हजारांनी वाढवून घेतले, कारण "घरात पुरुष माणूस नाही".

इथे मला बडोदा आठवते. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला रुजू व्हायला गेले. एवढा विद्वान माणूस, पण राहायला खोली मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लिहून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी बाबासाहेब एका बागेत झाडाखाली बसून रडले. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

पैसे देऊन राहायचे आणि तरी खोटे नाव सांगायचे, हे काय असते ते त्यांनी सोसले आहे. खोटे सांगणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. पण खरे सांगितले की ज्याला रस्ता दाखवला जातो, त्याला खोटे बोलायला कोण शिकवते?

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात असेच आणखी प्रसंग सांगितले आहेत. १९०१ साली लहानपणी वडिलांना भेटायला सातारा जिल्ह्यात कोरेगावला जाताना मसूर स्टेशनावर त्यांना गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केले, तेव्हा एक जण तयार झाला. तोही गाडी तुम्हीच हाका म्हणाला. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी नकार दिला. मग समाजातल्या एका नवख्या माणसाने टांगा हाकला आणि बाबासाहेब टांग्यातून फेकले जाऊन जखमी झाले. या प्रसंगांत एक समान गोष्ट आहे. पैसा चालत होता, माणूस चालत नव्हता. आणि ज्याला नाकारायचे, त्याच्याकडून जास्त पैसे घ्यायलाही कुणाला लाज वाटली नव्हती. आमच्या दोघींचे ते वाढीव दहा हजार याच जातीचे.

'दुकान' या शब्दाचा अर्थ

महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. त्यानंतर तेवीस वर्षांनी लागू झालेल्या संविधानात कलम १५ आहे. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटले आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने कुणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, तसेच सार्वजनिक विहिरी, तळी, घाट आणि रस्ते यांच्या वापराला आडकाठी करता येणार नाही.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' म्हणजे नेमके काय असा प्रश्न निघाला. न्हावी आणि धोबी त्यात येतात का? डॉक्टर आणि वकील येतात का? बाबासाहेबांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा की हा शब्द व्यापक अर्थाने घातला आहे. मोबदला घेऊन जो कुणी आपली सेवा द्यायला बसला आहे, तो त्यात येतो. म्हणजे बाबासाहेबांच्या मनातले दुकान हे नुसते चार भिंतींचे आणि शटरचे दुकान नव्हते. गिऱ्हाईक आणि सेवा देणारा जिथे समोरासमोर येतात, तिथे तिथे समता पाळली गेली पाहिजे, असा त्याचा अर्थ.

मग प्रश्न उरतो की त्यात 'लिंग' म्हटले आहे, थोरली आणि धाकटी यांच्यासारख्यांचे काय? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी नवतेज सिंग जोहर खटल्यात निकाल दिला. १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतले कलम ३७७ दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना लागू होणार नाही, असे त्यांनी ठरवले. त्या निकालात असेही म्हटले गेले की लिंगाच्या कारणाने भेदभाव नको, यात लैंगिक ओढीच्या कारणाने भेदभाव नको हेही येते. आणि न्यायाधीशांनी आधार कुणाचा घेतला? ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी संविधानिक नीतीची कल्पना मांडली होती, तिचा. बहुसंख्यांना काय रुचते त्यावर एखाद्याचा हक्क ठरत नाही, हा त्यातला धडा.

काही बांधव म्हणतील की हा विषय आपल्या चळवळीचा नाही, हे श्रीमंतांचे आणि इंग्रजी शिकलेल्यांचे खूळ आहे. त्यांनी १९३४ साल आठवावे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे हा आरोपाचा विषय होता आणि त्यात समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण ज्या विषयाचे नाव घ्यायलाही लोक कचरत होते, त्या विषयाच्या बाजूने बाबासाहेब नव्वद वर्षांपूर्वी उभे राहिले होते.

बँकेची खिडकी

आता पुन्हा रस्त्यावर येऊ. दोघींना बँकेत एकत्र खाते काढायचे होते. खिडकीमागच्या माणसाने विचारले, "बहिणी का?" नाही. "मग नाते काय?" थोरली म्हणाली, "आम्ही एकत्र राहतो." तो म्हणाला, "एकत्र राहणाऱ्यांचे खाते होत नाही." मागची रांग कान देऊन ऐकत होती. दोघी परत आल्या.

हा नियम त्याने कुठून काढला, कोण जाणे! दोन सज्ञान माणसांनी एकत्र खाते काढू नये, असा नियम नव्हताच. उलट २१ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना पत्र पाठवून स्पष्ट केले की समलिंगी आणि तत्सम व्यक्तींना एकत्र खाते उघडायला आणि जोडीदाराला वारस म्हणून नेमायला कोणतीही बंदी नाही. त्याच महिन्यात अर्थ मंत्रालयानेही तसे कळवले. आम्ही त्या पत्राची प्रत काढली आणि तिघी पुन्हा गेलो. माणूस आत गेला, साहेबाला दाखवले, पाऊण तास बसवले. मग साहेब स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "कागद द्या." पुढच्या आठवड्यात खाते झाले. फॉर्मवर 'नाते' अशी एक रेघ होती. धाकटीने तिथे 'जोडीदार' असे लिहिले. लिहिताना तिचा हात थोडा थांबला, पण अक्षर सुवाच्य आले.

रेशनच्या कचेरीत मात्र अजून जमलेले नाही. रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावे, असे केंद्राच्या अन्न विभागाने २०२४ साली राज्यांना कळवले आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२४ रोजी हे प्रसिद्धही केले. कचेरीतला माणूस म्हणतो, "आमच्याकडे आदेश आलेला नाही." आम्ही लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे आमच्या महिला मंडळाने फार पूर्वी शिकून घेतले आहे.

दवाखान्यातली रात्र

सगळ्यात जड गेली ती एक रात्र. धाकटीच्या पोटात दुखायला लागले. रात्री साडेअकराला रिक्षाने एका खासगी दवाखान्यात नेले. अपेंडिक्स होते, लगेच ऑपरेशन करायचे होते. थोरली सही करायला पुढे झाली, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "तुम्ही कोण? नातेवाईक आणा." नातेवाईक रत्नागिरी जिल्ह्यात. भाऊ फोन उचलत नव्हता. थोरली सांगत होती की अकरा वर्षे आम्ही एकत्र आहोत, डिपॉझिट मी भरते आहे. डिपॉझिट भरून घेतले, सही नाही घेतली! मग मला बोलावणे आले. मी पोहोचले. बाईने विचारले, "तुम्ही कोण?" मी म्हटले, "मावशी." फॉर्म लगेच पुढे आला.

वाचकांनी विचार करावा. माझे आणि त्या मुलीचे रक्ताचे काही नाते नाही, तरी एका शब्दावर माझी सही चालली. जिने अकरा वर्षे तिच्या तापाची पट्टी बदलली, तिची चालली नाही.

खरे तर शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची स्वतःची संमती हीच खरी संमती असते. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान मुलीऐवजी तिच्या आईने दिलेली संमती पुरेशी मानली नाही. धाकटी शुद्धीत होती. तिला कुणी विचारलेच नाही. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने तर कुणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी लिहून नेमता येतो, तो नातेवाईकच असावा असे नाही. आणि उपचार देताना जात, धर्म, लिंग यांबरोबर लैंगिक ओढीवरूनही भेद करायचा नाही, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यांना पत्र लिहून असा भेदभाव थांबवायला सांगितले. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात मिळावा, असेही त्यात आहे. कायदा कागदावर पुढे गेला आहे, काउंटर मागे राहिले आहे.

कायदा कुठे अडतो

हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की कायद्याची वाट अजून पुरी झालेली नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला नाही. ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. खासगी घरमालकाने अशा जोडप्याला नाकारले, तर त्याला थेट जाब विचारणारा सर्वसमावेशक कायदा देशात नाही. लग्न नाही म्हणून किती ठिकाणी पाय अडकतो पाहा. नवऱ्याने बायकोला भेट दिली तर कर लागत नाही. अशा जोडीदाराला वर्षाला पन्नास हजारांहून जास्त भेट मिळाली तर लागतो. त्यावर २०२५ साली मुंबईतल्या एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली.

अपमानाच्या बातम्या सगळीकडच्या आहेत. जुलै २०१९ मध्ये चेन्नईच्या एका हॉटेलात दोन तरुणी एकत्र नाचल्या म्हणून त्यांना बाहेर काढल्याची तक्रार वर्तमानपत्रांत आली होती. पण दुसरी बाजूही आहे. आपल्या दीक्षाभूमीच्या नागपुरात डिसेंबर २०२१ मध्ये दोन महिला डॉक्टरांनी नातलग आणि मित्रमंडळींच्या साक्षीने एकमेकींना अंगठ्या घातल्या. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट या क्षेत्रात काम करीत आहे आणि पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्टने असे काम सुरू केले. म्हणजे अशी मुले-मुली एकटी नाहीत.

आपण काय करावे

आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत या विषयावर बोलणे झाले. एक-दोघींनी नाक मुरडले. एकीने विचारले, "हे पंचशीलात बसते का?" एका ज्येष्ठ उपासिकेने उत्तर दिले. ती म्हणाली, "तिसरे शील कुणावर जबरदस्ती करू नका, कुणाची फसवणूक करू नका, असे मला शिकवते. या दोघींनी कुणाला फसवले? फसवायला लावतो तो घरमालक." त्यावर कुणी काही बोलले नाही. बैठकीत ज्या गोष्टी ठरल्या, त्या इतर वस्त्यांनाही उपयोगी पडतील म्हणून देते.

कचेरीत किंवा बँकेत एकट्याने जाऊ नये. बरोबर कुणी तरी असावे. नकार मिळाला तर तो लेखी मागावा. लेखी देत नसतील तर आपणच तारीख, वेळ आणि बोललेले शब्द वहीत लिहून ठेवावे. बँकेने लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे लागत नाहीत.

खात्यावर वारस नेमावा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार जणांपर्यंत नावे देता येतात. पण हे नाव म्हणजे मालकी नव्हे, म्हणून मृत्युपत्र करून ठेवावे. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्या दोघांनीही सही करावी. आमच्या दोघींनी आपापली मृत्युपत्रे केली. साक्षीदार म्हणून मी आणि विहाराचे खजिनदार बसलो.

आणखी एक गोष्ट आपल्याच हातातली आहे. आपल्यातही आता दुकानदार आहेत. कुणाचे सलून आहे, कुणाची रिक्षा, कुणाचे झेरॉक्सचे दुकान. कुणी बँकेत खिडकीमागे बसतो, कुणी दवाखान्यात काउंटरवर. आरक्षणामुळे, शिक्षणामुळे आपली मुले त्या खुर्च्यांवर पोहोचली. त्या खुर्चीवरून समोरच्याला "तुम्ही कोण?" असे विचारायची वेळ येईल, तेव्हा त्यांनी मसूरचा गाडीवान आठवावा. आमच्या वस्तीतल्या एका समाजबांधवाच्या सलूनमध्ये आता थोरली दर महिन्याला जाते. तो तिला खुर्चीवर बसवतो, पांढरे कापड गळ्याभोवती गुंडाळतो आणि इतरांना विचारतो तेच विचारतो, "किती बारीक करू?" पैसेही तेवढेच घेतो.

जोगेश्वरीला यायचे असेल तर रविवारी सकाळी लवकर या. स्टेशनाच्या पूर्वेला उतरून आधी जोगेश्वरीचे लेणे पाहा, मग रिक्षाने महाकाली लेण्यांना जा. बरोबर पाणी आणि डबा ठेवा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, म्हाताऱ्या माणसांना हात द्या. चैत्यगृहातल्या जाळीच्या खिडक्यांतून आत उजेड कसा येतो ते मुलांना दाखवा. संध्याकाळी वस्तीतल्या विहारात वंदना असते. तिथे चहा सगळ्यांना मिळतो आणि तो देताना नाते विचारले जात नाही.

जय भीम.